सेनापति फीफर आणि त्यांचे डोंगर

(ज्युबिली महोत्सवाच्या व्याख्यानमालेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या व्याख्यानांत साधुसंतांचीं अथवा मिशनरी धर्मगुरूंचीं चरित्रें सांगण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु हें व्याख्यान नोव्हेंबर महिन्यांत, म्हणजे मृतांच्या स्मरणासाठीं ख्रिस्तसभेनें राखून ठेवलेल्या महिन्यांत येत असल्यामुळें, वेदीवर ज्यांची तसबीर कधीं लागली नाहीं व लागणारहि नाहीं अशा एका गृहस्थांची आठवण आपणांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. हे गृहस्थ पेशानें शिपाई होते, आणि त्यांचा आवडता उद्योग म्हणजे डोंगर, तळीं, खेडीं व पायवाटा ह्यांची लहान प्रमाणाची हुबेहूब प्रतिकृति करणें हा होता. नांव फ्रान्झ लुडविग फीफर. जन्म १७१६ सालीं स्वित्झर्लंडांतील लुसर्न शहरीं. मृत्यु त्याच शहरीं, १८०२ सालच्या नोव्हेंबरच्या ७ व्या तारखेस.

देवळाच्या ज्युबिलींत शिपायाची आठवण कशाला, अशी शंका कोणाच्या मनांत आली असेल तर त्यांनीं कफर्णहूमच्या शताधिपतीचें स्मरण करावें. परमप्रसाद घेण्यापूर्वीं प्रत्येक मिस्सेंत आपण ज्या शब्दांनीं आपली अपात्रता कबूल करतों, ते मूळ एका लष्करी अधिकाऱ्याचे आहेत. ज्यांचा सण ह्याच महिन्याच्या ११ व्या तारखेस येतो ते संत मार्टिन शिपाई होते, आणि १५२१ सालीं पांप्लोना येथें तोफेच्या गोळ्यानें ज्यांचा पाय मोडला ते संत इग्नेशियसहि शिपाईच होते. आपल्या धर्मग्रामांतहि पलटणींतून अगर आरमारांतून पेन्शन घेऊन आलेले वडीलधारे आहेत. रविवारीं ते मागल्या बाकावर बसतात. लढाईंत काय पाहिलें हें त्यांस सहसा कोणी विचारीत नाहीं, आणि विचारलें तर तेहि फारसें बोलत नाहींत. घरीं जाऊन ते कांहींतरी घडवीत किंवा दुरुस्त करीत बसतात. मोडकें घड्याळ, मुलांसाठीं लाकडी गलबत, नाताळचा गोठा, कांहींहि. घरचीं माणसें म्हणतात कीं बाबांना चाळा लागला आहे. जनरल फीफर ह्यांचा चाळा त्यांच्या देशानें दोनशें वर्षांहून अधिक काळ जपून ठेवला आहे, म्हणून तो आज आम्हांस सांगतां येत आहे.

प्रथम त्यांच्या गांवाविषयीं दोन शब्द. लुसर्न हें शहर एका मोठ्या सरोवराच्या कांठीं आहे. ह्या सरोवरास चार वनप्रांतांचें सरोवर असें नांव आहे, आणि ऊरी, श्वीत्झ, उंटरवाल्डन व लुसर्न हे ते चार प्रांत होत. सोळाव्या शतकांत झुरिक, बर्न वगैरे प्रांतांनीं जुना धर्म सोडला, परंतु हे चार प्रांत कॅथलिकच राहिले. पोपमहाराजांचे वकील पुढें कित्येक पिढ्या लुसर्न येथेंच राहत असत. देश सुंदर खरा, पण गरीब. डोंगरांत धान्य थोडें, गुरें व दूधदुभतें हाच आधार. म्हणून घरचे मुलगे परदेशीं पगारी शिपाई म्हणून जात. फ्रान्सचा राजा, स्पेनचा राजा, नेपल्सचा राजा, सर्वांच्या पदरीं स्विस पलटणी असत. रोम येथील पोपमहाराजांचें स्विस रक्षकदल १५०६ सालापासूनचें आहे, आणि १५२७ सालच्या मे महिन्याच्या ६ तारखेस रोम लुटलें गेलें त्या दिवशीं त्या दलाचे १४७ शिपाई पोप सातवे क्लेमेंट ह्यांचें रक्षण करतांना पडले, ही गोष्ट आपल्यापैकीं पुष्कळांनीं वाचलेली असेल.

ह्या शिपाईपेशांत फीफर घराण्याचें नांव मोठें होतें. त्या घराण्यांतील एक लुडविग फीफर ह्यांनीं १५६७ सालीं फ्रान्सचा तरुण राजा नववा चार्ल्स ह्यास शत्रूंच्या वेढ्यांतून मो गांवाहून पॅरिसपर्यंत सुखरूप नेलें. त्यांचें वजन इतकें कीं लोक त्यांस स्विसांचा राजाच म्हणत. येशूसंघाचे धर्मगुरु लुसर्नला आले त्यांतहि त्यांचा हात होता. त्या घराण्याच्या आल्टिसहोफेन शाखेनें पोपमहाराजांच्या रक्षकदलास अनेक सेनानायक दिले आहेत. आमचे फ्रान्झ लुडविग हे वीयर शाखेचे. तरुणपणींच ते फ्रान्सच्या राजाच्या सैन्यांत शिरले व चढत चढत लेफ्टनंट जनरलच्या पदास पोंचले. त्यांच्या लढायांची जंत्री आम्ही येथें देत नाहीं. परक्या राजासाठीं केलेल्या लढाया त्या. त्यांतील जय कोणाचे व पराजय कोणाचे हें आज शाळेंतील मुलांसहि पाठ नसतें.

त्यांचें खरें काम सुरू झालें तें सुमारें १७६२ सालीं, म्हणजे त्यांच्या वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास. आपल्या मायभूमीचा, लुसर्नच्या सभोंवारच्या सर्व पर्वतप्रदेशाचा, उठावाचा नकाशा करावयाचा असा त्यांनीं संकल्प केला आणि तो पुरा होण्यास १७८६ साल उजाडलें. चोवीस वर्षें! त्यांत सैन्याच्या नोकरीचीं शेवटचीं वर्षेंहि आलीं, परंतु बहुतेक काम निवृत्तीनंतरचें आहे. संकल्प केला तेव्हां ते पोक्त वयाचे होते, संपविलें तेव्हां सत्तर वर्षांचे म्हातारे.

येथें कोणी विचारील कीं, नकाशा कागदावर काढतां आला नसता काय? त्या काळीं नव्हता येत, हेंच तर मर्म आहे. आज आपण नकाशांत ज्या समान उंचीच्या रेषा पाहतों त्या तेव्हां प्रचारांत आलेल्या नव्हत्या. झुरिकचे विद्वान शॉइख्त्सर ह्यांनीं १७१२ सालीं काढलेला स्वित्झर्लंडचा नकाशा त्या वेळचा सर्वांत उत्तम म्हणून गाजला, पण त्यांतहि डोंगर दाखविले आहेत ते बाजूनें पाहिलेल्या वारुळांसारखे. कोणता डोंगर किती उंच, त्याचा कडा कोणीकडे व उतार कोणीकडे, दोन दऱ्यांच्या मधून वाट आहे कीं नाहीं, हें त्यावरून कळत नसे. शिपायाच्या नजरेस ही उणीव तत्काळ दिसते. फ्रान्समध्यें चौदाव्या लुईच्या अमदानींत, १६६८ पासून, सरहद्दीवरील किल्ल्यांच्या लाकडी व कागदी प्रतिकृति करवून ठेवल्या जात. पुढें १७७७ सालीं त्या पॅरिसच्या अँव्हालीद नांवाच्या इमारतींत, म्हणजे म्हाताऱ्या व जखमी शिपायांसाठीं त्याच राजानें बांधलेल्या आश्रमांत, नेऊन ठेवण्यांत आल्या. फ्रेंच सैन्यांत वाढलेल्या अधिकाऱ्यास त्यांची माहिती नसणें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं. परंतु एक किल्ला करणें निराळें आणि अख्खा देश करणें निराळें.

त्यांनीं हें काम कसें केलें ह्याचें उत्तम वर्णन एका इंग्रज प्रवाशानें लिहून ठेवलें आहे. हे प्रवासी रेव्हरंड विल्यम कॉक्स. ते प्रॉटेस्टंट पंथाचे पाद्री होते व १७७६ सालीं एका तरुण उमरावाचे शिक्षक म्हणून त्याच्याबरोबर स्वित्झर्लंडांत हिंडत होते. लुसर्नला आले तेव्हां जनरलसाहेबांनीं त्यांस घरीं नेऊन अर्धवट झालेलें काम स्वतः दाखविलें. नकाशा तेव्हां सुमारें बारा फूट लांब व साडेनऊ फूट रुंद झाला होता. त्याचे १४२ तुकडे होते, लहानमोठे व वेड्यावांकड्या आकारांचे. प्रत्येकावर आंकडा घातलेला, म्हणजे सुटे करून पुन्हां जुळवितां यावे. कोळशाची पूड, चुना, चिकणमाती आणि थोडें डांबर ह्यांचा लुकणासारखा लगदा करून त्याचे डोंगर घडविलेले, आणि वरून मेणाचा पातळ थर. हें मिश्रण इतकें टणक होई कीं त्यावर पाय देऊन चाललें तरी कांहीं मोडत नसे. त्यावर रंग दिलेला. ओकचें रान कोठें, बीचचें कोठें, देवदाराचें कोठें, हें रंगावरून ओळखूं येई. आणि खडकांचे थरदेखील निरनिराळे दाखविलेले. गांवें, नद्या व सरोवरें तर होतींच, परंतु प्रत्येक झोंपडी, प्रत्येक ओढा आणि प्रत्येक पाऊलवाट त्यांत होती.

सर्व उंच्या सरोवराच्या पाण्याच्या पातळीपासून मोजलेल्या. मोजणी करण्यासाठीं जनरल स्वतः डोंगर चढत. वर कित्येक दिवस काढावे लागत, तेथें खावयास काय मिळणार? कॉक्स सांगतात कीं ते बरोबर कांहीं शेळ्या नेत आणि त्यांच्या दुधावर राहत. आपल्याकडील धनगर हें ऐकून हसेल, कारण त्याला ह्यांत नवल वाटावयाचें कारण नाहीं. पण राजाच्या दरबारीं वावरलेला, तुऱ्याची टोपी घातलेला सेनापति साठाव्या वर्षीं शेळ्या हांकीत कड्यावर चढत आहे, हें चित्र आम्हांस मोठें आवडतें.

आतां ह्या कथेंतील अवघड भागाकडे वळलें पाहिजे. ऊरी, श्वीत्झ व उंटरवाल्डन ह्या प्रांतांत लोकसत्ता होती. वर्षांतून एकदां सर्व पुरुष मोकळ्या कुरणांत जमत व हात वर करून आपले कारभारी निवडत. आपल्या स्वातंत्र्यास जपणारे हे डोंगरी लोक. त्यांनीं पाहिलें कीं शेजारच्या लुसर्नचा एक सरदार, आणि लुसर्नवर राज्य थोड्या कुलीन घराण्यांचें, त्यांतून हा तर फ्रान्सच्या राजाचा सेनापति, हातांत यंत्रें घेऊन आपल्या घाटांचीं व पायवाटांचीं मोजमापें घेत आहे. त्यांनीं त्यांस हेर ठरविलें. जनरलसाहेबांस पकडून अडकवून ठेवण्याचेहि प्रसंग आले, आणि शेवटीं त्या प्रांतांत दिवसाढवळ्या मोजणी करणेंच अशक्य झाल्यामुळें पुष्कळसें काम त्यांनीं चांदण्या रात्रीं उरकलें.

जुनीं प्रवासवर्णनें हा प्रसंग सांगतांना डोंगरी शेतकऱ्यांच्या अडाणीपणास हसतात. आम्हांस तसें हसवत नाहीं. ज्याचें घर आहे त्यास घराच्या मागल्या दाराचें मोजमाप कोणी अनोळखी माणूस घेऊं लागला तर भय वाटणारच. आपल्या सह्याद्रींत जर कोणी परक्या सरकारचा अधिकारी घाटवाटांच्या पायऱ्या मोजीत हिंडता, तर आपल्या आजोबा-पणजोबांनीं त्यास गूळपाणी दिलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. आणि जनरलसाहेबांचा तरी दोष काय? ज्या भूमीवर त्यांचें प्रेम होतें ती जशी आहे तशी, तिच्यांतील एकहि ओढा न चुकवितां, डोळ्यांपुढें उभी करावी एवढीच त्यांची हौस. एकाच वस्तूवर दोघांचें प्रेम, आणि त्याच प्रेमामुळें एकानें दुसऱ्यास पकडलें. कोण बरोबर आणि कोण चूक ह्याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. पुढें काय घडलें तें सांगितल्यावर श्रोत्यांनींच तो करावा.

परंतु ह्या वैराला जनरलसाहेबांनीं जें उत्तर दिलें तें आम्हांस सर्वांत थोर वाटतें. एखादा भाग तयार झाला कीं ते त्याच भागांत राहणाऱ्या लोकांना, आणि विशेषतः शॅमॉय नांवाच्या डोंगरी काळविटांच्या शिकाऱ्यांना, आपल्या घरीं बोलावीत. विद्वानांना नव्हे, भूमापकांना नव्हे. त्यांच्यापुढें तो तुकडा ठेवीत व म्हणत, पाहा, हा तुमचा डोंगर आहे काय? कोठें चुकलें असेल तर सांगा. ज्यांना अक्षरओळखहि बेताची असेल अशीं तीं माणसें वांकून पाहत, बोटानें आपली वाट शोधीत, आपलें घर शोधीत, आणि एखादा सुळका डावीकडे थोडा अधिक कललेला हवा असें सांगत. मग जनरल तो फोडून पुन्हां करीत. राजाच्या सेनापतीनें आपल्या परीक्षेसाठीं शिकारी व गुराखी बसविले! फौजेंत ज्यानें आयुष्यभर हुकूम सोडले त्यास हें साधणें सोपें नसावें.

त्या नकाशांतील एका डोंगराविषयीं थोडें विस्तारानें सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. लुसर्नच्या डोक्यावर पिलातुस नांवाचा २,१२८ मीटर उंचीचा पर्वत आहे. क्रेदोंत ज्याचें नांव आपण प्रत्येक रविवारीं घेतों त्या पोंतियुस पिलाताचें प्रेत ह्या डोंगरावरील एका तळ्यांत टाकलेलें आहे, आणि कोणी त्या तळ्यांत दगड टाकला तर त्याचा आत्मा खवळून गांवावर वादळ पाठवितो, अशी जुनी समजूत होती. लोक ती इतकी खरी मानीत कीं लुसर्नच्या कारभाऱ्यांनीं डोंगर चढण्यास बंदी केली होती, आणि १३८७ सालीं ती मोडल्याबद्दल सहा धर्मगुरूंना तुरुंगांत टाकलें होतें. शेवटीं १५८५ सालीं लुसर्नचे पाद्री योहानेस म्युलर लोकांस घेऊन वर गेले व सर्वांच्या देखत त्यांनीं तळ्यांत दगड फेकले. वादळ आलें नाहीं. पुढें १५९४ सालीं तें तळेंच खणून वाहवून देण्यांत आलें. भोळी समजूत घालविण्याचें हें काम एका कॅथलिक धर्मगुरूनें केलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जनरल फीफर त्याच डोंगरावर जाऊन आले, त्यांनीं त्याची उंची मोजली, आणि शेंकडों वर्षें ज्यानें लोकांचा थरकांप उडविला त्याला वीतभर उंचीचा करून आपल्या घरांत ठेवला.

वीतभर हें आम्ही उगीच म्हणत नाहीं. पुरा झालेला नकाशा सुमारें साडेसहा मीटर लांब व चार मीटरांस थोडा कमी रुंद आहे, आणि त्याचें प्रमाण सुमारें १ : ११,५०० असें पडतें. म्हणजे प्रत्यक्षांतील एक किलोमीटर ह्यांत नऊ सेंटिमीटरांपेक्षां किंचित् कमी भरतो. ह्या हिशेबानें सुमारें साडेतीन हजार चौरस किलोमीटर मुलूख एका दालनांत मावला आहे. टिटलिस नांवाचें ३,२३८ मीटर उंचीचें बर्फाचें शिखर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट, त्यांत वीतभराहून थोडेंच अधिक आहे. आणि त्याच्या पायथ्याशीं एंगेलबर्गचा मठ, जेथें बेनेडिक्टाइन साधु ११२० सालापासून प्रार्थना करीत आले आहेत. एवढ्या मोठ्या प्रदेशाची मोजून केलेली अशी प्रतिकृति त्यापूर्वीं युरोपांत कोणी केली नव्हती. देशोदेशींचे प्रवासी लुसर्नला थांबत ते जनरलसाहेबांचें घर पाहण्यासाठीं.

आपल्या मुलांना ही विद्या अगदींच परकी नाहीं. दिवाळींत आपल्या शेजारच्या हिंदु घरांतील मुलें अंगणांत दगडमातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरून रान उगवितात, वर मावळे बसवितात. आणि डिसेंबर लागला कीं आपलीं मुलें तशाच मातीचा बेथलेहेमचा डोंगर करून त्यांत येशूबाळाचा गोठा मांडतात. संत फ्रान्सिसनीं १२२३ सालीं ग्रेच्चो गांवीं पहिला गोठा मांडला तेव्हांपासून ही चाल जगभर पसरली. आम्हांस नेहमीं असें दिसून आलें आहे कीं गोठा करतांना मुलगा प्रथम तारा व मेंढरें ह्यांच्या मागें लागतो, आणि म्हातारा माणूस मात्र पाऊलवाट नीट पोंचते कीं नाहीं, मेंढपाळ ह्या उतारावरून खरोखर उतरूं शकेल कीं नाहीं, ह्याचा विचार करीत बसतो. जनरल फीफर दुसऱ्या जातीचे.

आतां पुढील इतिहास. फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली, आणि १७९२ सालच्या ऑगस्टच्या १० व्या तारखेस पॅरिस येथें राजवाड्याचें रक्षण करतांना स्विस रक्षकांची कत्तल झाली. ज्या राजघराण्याची जनरलसाहेबांनीं सारें आयुष्य चाकरी केली तें राजघराणें त्याबरोबर बुडालें. त्यांचें वय तेव्हां शहात्तर. सहा वर्षांनीं, १७९८ सालीं, फ्रेंच फौज स्वित्झर्लंडांतच घुसली. जुनें राज्य मोडलें. निडवाल्डनच्या डोंगरी कॅथलिक लोकांनीं नव्या राज्यघटनेची शपथ घेण्यास नकार दिला, आणि सप्टेंबरच्या ९ तारखेस फ्रेंचांनीं त्यांच्यावर चालून जाऊन गांवें जाळलीं. बायकामुलेंहि मारलीं गेलीं. त्यांत पोरक्या झालेल्या मुलांसाठीं पेस्टालोझी ह्या प्रख्यात शिक्षकानें स्टान्स गांवीं अनाथालय उघडलें. तें स्टान्स, त्या वाड्या, तीं कुरणें, सर्व त्या नकाशांत होतें, आणि लुसर्न शहर सरोवराच्या अगदीं पलीकडच्या तीरावर. प्रत्यक्षांतील छपरें जळालीं तेव्हां मेणाखालचीं जशीच्या तशीं शाबूत होतीं.

ह्याच्या उलट बाजूचीहि एक गोष्ट आहे. दुसऱ्या वर्षीं, १७९९ सालच्या सप्टेंबरांत, रशियाचा सेनापति सुवोरोव्ह इटलींतून गोटहार्ड घाट चढून फ्रेंचांवर आला. वाटेंत लढत लढत २६ तारखेस तो ऊरी प्रांतांतील आल्टडॉर्फ गांवीं पोंचला. तेथून सरोवराच्या कांठाकांठानें पुढें जावयाचें अशी त्याची अपेक्षा. परंतु पाहतो तों कांठानें वाटच नाहीं! डोंगराचे कडे सरळ पाण्यांत उतरलेले, आणि होड्या फ्रेंचांच्या ताब्यांत. तेथें कड्यांतून रस्ता झाला तो पुढें १८६५ सालीं. थकलेल्या, उपाशी फौजेस त्यास दोन हजार मीटर उंचीच्या किन्झिग खिंडीवरून चढवावें लागलें, आणि त्यानंतरच्या बर्फाच्या खिंडींत त्याचीं किती माणसें व जनावरें दऱ्यांत पडलीं त्याचें वर्णन वाचवत नाहीं. आल्टडॉर्फपासून थोड्या कोसांवर, लुसर्नमध्यें, एका त्र्याऐंशी वर्षांच्या शिपायाच्या घरीं असा नकाशा होता कीं ज्यांत पाऊलवाटदेखील गाळलेली नव्हती. तो एकदां पाहिला असता तर एखाद्या शिकाऱ्याच्या पोरानेंहि सांगितलें असतें कीं इकडून जाऊं नका. ऊरीच्या शेतकऱ्यांनीं ज्या मोजमापाचें भय धरलें तें मोजमाप नसल्यामुळें हजारों परके शिपाई मेले; आणि तें असतें तर कदाचित् दुसरीकडचे मेले असते. म्हणूनच आम्हीं मघाशीं म्हटलें कीं निवाडा आम्ही करीत नाहीं.

जनरल फीफर ह्यांनीं हीं सर्व वर्षें पाहिलीं आणि शहाऐंशी वर्षांचे होऊन ते १८०२ सालीं वारले. योगायोग असा कीं त्याच वर्षीं एप्रिलांत लॅम्टन ह्या लष्करी अधिकाऱ्यानें मद्रास येथें हिंदुस्थानच्या त्या मोठ्या त्रिकोणमितीच्या मोजणीस आरंभ केला होता. स्वित्झर्लंडांतहि काम थांबलें नाहीं. एंगेलबर्गचे योआखिम ऑयगेन म्युलर ह्यांनीं तशाच उठावाच्या प्रतिकृति केल्या, आणि आराउचे व्यापारी मायर ह्यांनीं स्वतःच्या खर्चानें छापविलेला स्वित्झर्लंडचा नकाशासंग्रह त्यांवरूनच तयार झाला.

आणि ज्या लुसर्न प्रांताची ही कथा, त्याचें व आपलें नातें ह्यानंतर लवकरच जुळलें. जनरलसाहेबांच्या मृत्यूस चार महिनेहि झाले नव्हते तों, १८०३ सालच्या फेब्रुवारींत, त्याच प्रांतांतील आल्टवीस खेड्यांत एक मूल जन्मलें. तेंच पुढें काप्युशिन संघाचे बिशप अनास्तासियुस हार्टमन. त्यांनीं पाटणा येथें काम केलें, १८४९ पासून कित्येक वर्षें मुंबईच्या ख्रिस्तसभेचा कारभार अत्यंत बिकट प्रसंगीं सांभाळला, १८५० सालीं एक्झामिनर हें कॅथलिक पत्र सुरू केलें आणि येशूसंघाच्या धर्मगुरूंना मुंबईस आणण्याची खटपट केली. मुंबई व तिच्या आसपासच्या आपल्या घरांतून किती मुलें त्या धर्मगुरूंच्या शाळांत शिकलीं हें येथें सांगावयास नको. १८६६ सालीं हार्टमन हिंदुस्थानांतच वारले. ख्रिस्तसभेनें १९९८ सालीं त्यांस आदरणीय ही पदवी दिली आहे. लुसर्नचा नकाशा त्यांनीं बालपणीं पाहिला होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यांच्या गांवच्या लोकांची चिकाटी कोणत्या जातीची असते, हें त्या नकाशावरून समजतें.

तो नकाशा आजहि लुसर्न येथें ग्लेचरगार्टन नांवाच्या संग्रहालयांत आहे. १८७२ सालीं तेथें एक गृहस्थ तळघर खणीत असतां हिमनदीनें खडकांत कोरलेले प्रचंड रांजण सांपडले व त्या जागेचें संग्रहालय झालें. शेजारींच खडकांत कोरलेला मरणोन्मुख सिंह आहे. पॅरिसला पडलेल्या त्या स्विस रक्षकांचें तें स्मारक १८२१ सालीं पुरें झालें, आणि तें व्हावें म्हणून खटपट करणारेहि फीफर घराण्यांतीलच एक अधिकारी होते. प्रवाशांची गर्दी सिंहाभोंवतीं अधिक असते, आणि तें साहजिक आहे. ज्यांना तेथें जाण्याचा योग येईल त्यांनीं मात्र भिंतीपलीकडेहि जावें, आणि मेणाखालच्या त्या पाऊलवाटा वांकून पाहाव्या.

आमचें सांगणें संपलें. ह्या महिन्यांत मृतांसाठीं मिस्सा अर्पण करावयाच्या यादीची वही नेहमींप्रमाणें वेदीच्या कठड्यापाशीं ठेविली आहे. आज सकाळीं आम्हीं तींत फ्रान्झ लुडविग फीफर हें नांव लिहिलें. आपल्यापैकीं ज्यांच्या घरचे कोणी पलटणींत किंवा आरमारांत असून वारले असतील त्यांनीं त्यांचीं नांवें त्याच पानावर खालीं लिहावीं. पान बरेंच रिकामें आहे.